'गुणी' बाळाचं थायरॉइड आधी तपासा

बाळ फारसं रडत नाही, सारखं झोपतं, दूध ओढताना थकतं, कावीळ लवकर उतरत नाही. घरचे म्हणतात, "किती गुणी आहे!" मी म्हणतो, आधी थायरॉइड तपासा. बऱ्याच बाळांत तर सुरुवातीला एवढीही लक्षणं दिसत नाहीत, कारण पोटात असताना आईचं हार्मोन त्यांना सांभाळत असतं.

मेंदूत हे हार्मोन काय करतं? थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते, पण मेंदूला काम करायला टी-३ लागतं. हा बदल चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी 'डीआयोडिनेज' नावाच्या एन्झाइमने करून देतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या ग्लिया पेशींत दिसलं, की टी-४ कमी पडलं की या एन्झाइमचं काम वाढतं. म्हणजे पेशी आहे तेवढं हार्मोन पुरवून वापरतात. पण डब्यात तांदूळच नसेल, तर चूल कितीही पेटवा, भात होत नाही. टी-३ मिळालं नाही, तर चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशींतली एन्झाइमंही मंदावतात. ही वेळ हुकली की नंतर कुठलंही 'मेंदूचं टॉनिक' ती भरून काढत नाही.

"इतका दुर्मीळ आजार, सगळ्यांना सुई कशाला?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे: आयसीएमआरने मुंबईसह पाच महानगरांत लाखभर बाळं तपासली, तेव्हा साधारण ११०० बाळांमागे एकाला हा आजार निघाला. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये ही तपासणी १९७४ पासून होते. आपल्या देशात ती आजही प्रत्येक बाळासाठी सक्तीची नाही. भंडाऱ्यात सिकलसेलसाठी रक्त तपासतो, ते योग्यच आहे. मग थायरॉइडसाठी टाचेतला एक थेंब जड का व्हावा? गोळी स्वस्त आहे. महाग पडतं ते मुलाचं आयुष्यभराचं मागे पडणं.

सरकार नियम करेल तेव्हा करेल. तुम्ही थांबू नका. बाळ ४८ ते ७२ तासांचं झालं की टीएसएच तपासायला सांगा. त्याआधी सुट्टी झाली, तर पुन्हा या. रिपोर्ट हातात घ्या. दोष निघाला तर दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू व्हायला हवं. गोळी आईच्या थोड्या दुधात विरघळवून देता येते. बाळ छान दिसतंय म्हणून ती स्वतःहून बंद करू नका; ते छान दिसतंय ते त्या गोळीमुळेच.