दोष कॅमेऱ्याचा नाही

"काका, कॅमेऱ्यातच तसं आलंय."

आमच्या जुन्या जालन्यातली आनंदी स्वामींची आषाढी एकादशीची पालखी मी दोन भिंगांच्या 3D कॅमेऱ्याने टिपली होती. मिक्सिंगला दिली, ती अशी परत आली: पालखीच्या दांड्याला कंगव्यासारखे दाते, प्रत्येक चेहऱ्याशेजारी तोच चेहरा पुसट, आणि भगव्या पताकेचा रंग शेजारच्या पांढऱ्या टोपीवर सांडलेला. आईने चष्मा लावून दहा मिनिटं पाहिलं आणि कपाळ धरून उठली. तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. गुडघ्यांमुळे तिला गर्दीत उभं राहवत नाही.

मिक्सिंगवाला काहीही म्हणो, कॅमेऱ्यात तसं आलेलं नाही. कार्डावरचं मूळ चित्रीकरण मी एकेका डोळ्याचं वेगळं लावून पाहिलं. दोन्ही स्वच्छ आहेत. घाण मिक्सिंगच्या टेबलावर झाली, आणि ज्याने केली त्याला ती कशाने झाली हेही ठाऊक नाही. याचाच मला संताप आहे.

हा कॅमेरा 1080/50i पद्धतीने लिहितो. सेकंदाला 50 फील्ड: आधी विषम ओळी, 1/50 सेकंदाने सम ओळी. आमचा पोलराइज्ड चष्म्याचा 3D टीव्हीही ओळीच वाटतो, 540 डाव्या डोळ्याला, 540 उजव्याला. दोन्हीकडे शब्द एकच, इंटरलेस. पण कॅमेऱ्यात ओळी वेळ वाटून घेतात आणि टीव्हीवर डोळे. एवढा फरक ज्याला कळत नाही त्याने 3Dचे पैसे घेऊच नयेत.

आमच्या मिक्सिंगवाल्याने फील्ड उलगडली नाहीत, म्हणून दाते आले. डाव्या-उजव्या ओळी विणून झाल्यावर खाली स्वतःच्या दुकानाच्या नावाची पट्टी बसवायला चित्राची उंची कमी केली! विणलेल्या चित्राची उंची एका ओळीनेही बदलली की डाव्याचं उजव्यात मिसळतं, म्हणून ते दुहेरी चेहरे. वर फाईल 4:2:0 मध्ये दाबली. तिथे वरच्या-खालच्या दोन ओळींना रंगाचा एकच नमुना मिळतो, म्हणजे एका डोळ्याचा भगवा दुसऱ्या डोळ्यात जाणारच.

तक्रार केली तेव्हा दुसरी फाईल दिली. दाते गेले होते. पण आता डाव्या डोळ्याला विषम फील्ड आणि उजव्याला 1/50 सेकंद नंतरचं सम फील्ड, असं जोडलं होतं. देऊळ जागच्या जागी दिसत होतं. डावीकडून उजवीकडे चालणारा टाळकरी मात्र भिंतीत शिरत होता आणि उलट येणारा अंगावर येत होता, कारण वेळेच्या फरकाला मेंदू खोली समजतो. "बघा, आता भारी 3D आलं," असं मला सांगण्यात आलं.

करायचं काय होतं? दोन्ही डोळ्यांचं चित्रीकरण वेगळं ठेवून दोन्ही सारख्याच पद्धतीने डी-इंटरलेस करायचं, म्हणजे फील्ड उलगडायची, सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम काढायच्या. मग कापाकापी करा, नावं टाका, आकार बदला. ओळी विणायच्या त्या सर्वांत शेवटी, नेमक्या 1920 × 1080 वर, आणि टीव्हीचं ओव्हरस्कॅन, म्हणजे कडा कापून चित्र ताणणं, बंद करून. खरं तर फाईलमध्ये विणायचंच नाही. दोन चित्रं वर-खाली ठेवून साठवा, टीव्ही स्वतः विणतो. मी पुढे घरी तसंच केलं आणि पताका भगवी दिसली, टोपी पांढरी.

2013 साली महेश कोठारेंचा 'झपाटलेला 2' 3Dमध्ये आला, तेव्हा या तंत्राचं केवढं कौतुक होतं. 2017 मध्ये एलजी आणि सोनीनेही 3D टीव्ही बनवणं थांबवलं. घराघरातले ते टीव्ही एकेक करून भंगारात जातील, आणि त्यांच्या मापाने विणलेली फाईल साध्या पडद्यावर म्हणजे नुसते चट्टेपट्टे. मूळ असेल तर पुन्हा सगळं करता येतं. माझ्या ओळखीच्या दोन घरांत लग्नाचं मूळ "जागा होत नव्हती" म्हणून पुसून टाकलं गेलं. त्या लग्नांतली आजी-आजोबा मंडळी आता नाहीत.

म्हणून जालनेकरांनो, मिक्सिंगला देण्याआधी कार्डाची नक्कल घरी काढून ठेवा. मूळ परत हाती आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.