आम्हाला सोपं करून देऊ नका

दर ३१ डिसेंबरला मराठी बातम्यांत एक माणूस हमखास येतो. तळीराम. पोलिसांची नाकाबंदी असते ती तळीरामांसाठी, दुसऱ्या दिवशी दंडाचे आकडे येतात तेही तळीरामांचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मला वाटायचं की दारुड्याला मराठीत तळीरामच म्हणतात. 'तळी' म्हणजे ग्लासाचा तळ वगैरे असणार. मग कळलं की तळीराम हे एका नाटकातलं पात्र आहे. नाटक राम गणेश गडकऱ्यांचं, 'एकच प्याला'. रंगमंचावर आलं १९१९ साली, आणि त्याच वर्षी जानेवारीत गडकरी वारले होते, अवघ्या ३३व्या वर्षी.

शंभराहून जास्त वर्षं झाली. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी हे नाटक वाचलेलं नाही. तरी त्यातला एक माणूस नाटकातून उतरून थेट भाषेत जाऊन बसलाय. हे कुठल्या शब्दकोशाच्या समितीने ठरवलं नाही, की कुठल्या मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात ठराव झाला नाही. एका माणसाला रंगमंचावर पिताना आणि पाजताना लोकांनी पाहिलं, आणि त्याचं नाव लक्षात राहिलं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. अवघड मराठी शब्द शिकायचे असतील तर जुनी नाटकं वाचा, आणि ती मूळ संहितेतच वाचा. 'आजच्या पिढीसाठी' ती सोपी करून देणाऱ्यांनी आमच्यावर हे उपकार करणं आता थांबवावं.

हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, कारण हा गुन्हा मी स्वतः केलाय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपने 'एकच प्याला'चं तासाभराचं रूपांतर करायचं ठरवलं आणि भाषा सोपी करायचं काम माझ्याकडे आलं. 'पब्लिकला कळलं पाहिजे' एवढीच सूचना होती. नाटकात तळीराम आणि त्याचं टोळकं दारू पिण्यासाठी एक संस्था काढतात. तिचं नाव 'आर्यमदिरामंडळ'. मी ते खोडून 'ड्रिंकर्स क्लब' लिहिलं. मूळ संहितेचं पहिलं वाचन झालं होतं तेव्हा या नावावर सगळे हसले होते. माझी सुधारित प्रत वाचली तेव्हा कोणीच हसलं नाही. मी तेव्हा वाचणाऱ्या मुलाच्या टायमिंगला दोष दिला.

दोष टायमिंगचा नव्हता. गडकऱ्यांचा काळ समाजांचा आणि मंडळांचा होता. प्रार्थनासमाज १८६७चा, आर्यसमाज १८७५चा. गंभीर, संस्कृत, पवित्र नावं घेऊन सुधारणा करायला निघालेल्या संस्था लोकांच्या ओळखीच्या होत्या. तसंच नाव दारूच्या अड्ड्याला चिकटवलं की हसू येतं. म्हणजे शब्द जड आहे हाच विनोद आहे. तो हलका केला की उरतात नुसते दारू पिणारे चार लोक. ज्याला 'मदिरा' माहीत नव्हतं त्याला तो शब्द तिथे कळला असता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कधी, कशासाठी आणि कोणत्या तोंडाने वापरतात हेही कळलं असतं. माझ्या 'मदतीमुळे' दोन्ही गेलं.

'रोज एक मराठी शब्द' छापाच्या पोस्ट आता फोनवर ढिगाने येतात. मीही सेव्ह करते. त्यातून 'किंकर्तव्यमूढ' शिकले. अजून एकदाही वापरला नाही, कारण तो माझ्याकडे आला तेव्हा एकटाच आला. बरोबर कोणी माणूस नव्हता, प्रसंग नव्हता. सुंदर अक्षरात, मागे सूर्यास्ताचा फोटो, खाली अर्थ. फुलपाखरू टाचणीने टोचून ठेवावं तसा.

याच्या शेजारी 'सनद' हा शब्द ठेवा. 'एकच प्याला'मधला सुधाकर वकील आहे. हुशार आणि तितकाच मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. तो अपमान विसरायला पहिला पेला हातात येतो. वाचताना मला 'सनद' म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण दोन पानांत कळलं की ही अशी वस्तू आहे जी गेली की माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो. अर्थ नंतर पाहिला: अधिकारपत्र. अरबी-फारसीतून आलेला शब्द. पूर्वी इनामाची, वतनाची सनद असायची. आज माझी एक मैत्रीण लॉ करून बार कौन्सिलच्या सनदेची वाट बघतेय. आणि आमच्या तहसील कार्यालयाच्या भिंतीवर 'नागरिकांची सनद' असा बोर्ड आहे, ज्याच्या समोरून मी लहानपणापासून शंभर वेळा गेले असेन. कुठलं काम किती दिवसांत करून देणं त्या ऑफिसला बंधनकारक आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं. हे मला सुधाकरने शिकवलं. बोर्ड वाचायला त्याच्यामुळे थांबले.

नाटकात शब्द असेच भेटतात. कादंबरीत लेखक समजावून सांगू शकतो, नाटकात ती सोय नाही. तिथे प्रत्येक शब्द कोणीतरी कोणाला तरी काहीतरी मिळवण्यासाठी बोलतो. शब्द कळला नाही तरी हेतू कळतो आणि हेतूवरून शब्द कळतो. आई आजीशी काय बोलतेय हे ऐकत आपण सगळे मराठी शिकलो ते याच रीतीने.

देवलांचं 'संशयकल्लोळ' (१९१६) घ्या. पात्रांची नावं बघा: फाल्गुनराव, आश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती. अर्धं पंचांग स्टेजवर फिरतंय! पुरुष महिन्यांचे, बायका नक्षत्रांच्या. मराठी महिने ओळीने म्हणता न येणारी मी ते नाटक वाचून झाल्यावर भाद्रपद आणि आश्विनात गोंधळले नाही. 'कल्लोळ' म्हणजे गोंधळ असं मी धरून चालले होते. संस्कृतात त्याचा अर्थ मोठी लाट. मग शीर्षकाचं चित्र दिसलं: एका संशयावर दुसरा, लाटेवर लाट. देवलांचंच 'शारदा' (१८९९) पाहा. पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधून पैसे मिळवणारा बाप कांचनभट. कांचन म्हणजे सोनं. म्हातारा नवरा भुजंगनाथ. भुजंग म्हणजे साप. आणि गोड बोलून हे लग्न जुळवणारा दलाल भद्रेश्वर. भद्र म्हणजे मंगल, सभ्य. या तिसऱ्या नावातला डंख कळायला अर्थही लागतो आणि माणूसही लागतो.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

माझी आत्या विधवा आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या दिराने तिला तालुक्याला नेऊन एका कागदावर सही घेतली. ती घरी आली ती खूश होऊन. तो कागद 'बक्षीसपत्र' होता. तिला वाटलं, आपल्याला काहीतरी मिळालं. बक्षीस म्हणजे मिळतं ते, शाळेत मिळतं तसं. प्रत्यक्षात तिने तिच्या वाटणीची जमीन पुतण्याला बक्षीस देऊन टाकली होती. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तो कागद तिला वाचून दाखवला होता म्हणे. तिने मान डोलावली होती. कोण नाही डोलावत? समोर साहेब आहेत, मागे रांग आहे, आणि 'कळलं नाही' म्हणायला लाज वाटते.

आत्याने 'शारदा' वाचलं असतं तर जमीन वाचली असती, असा दावा मी करत नाही. इतकं सरळ काही नसतं. पण भद्रेश्वराला ऐकलेल्या माणसाला एक खोड लागते. गोड आणि जड शब्द एकत्र आले की तो विचारतो, हे कोण बोलतंय, आणि यात त्याला काय मिळणार आहे? मला ही खोड लागलीय. मोबाईलच्या 'अटी व शर्ती'पासून घरमालकाच्या भाडेकरारापर्यंत ती कामाला येते.

म्हणूनच जड शब्द म्हणजे फक्त मिरवायची चीज, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. हे सर्वात आधी ज्याने नाटकात दाखवलं तो माणूस मिरवणाऱ्यांपैकी नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. गरोदर कुणबी बाईला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि नवराबायकोला कर्जात लोटेपर्यंत लुबाडतो. विदूषक मध्ये मध्ये येऊन त्याचं पितळ उघडं पाडतो. शेवटी ते जोडपं शिकायला शाळेत जायचं ठरवतं. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारलं नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं ते छापलंही गेलं नाही. पण मुद्दा बघा. जोशाचे शब्द बंद करा, असं फुले म्हणत नाहीत. ते म्हणतात, तुम्ही शिका, म्हणजे ते शब्द तुमच्यावर चालणार नाहीत. 'पब्लिकला झेपणार नाही' म्हणणाऱ्यांनी हे नाटक एकदा वाचावं. जड शब्द लोकांना झेपू नयेत ही सोय कोणाची आहे, ते तिथे दिसतं.

आता आक्षेप. पहिला: ही सगळी ठरावीक वर्गाची, ठरावीक घरांची भाषा आहे, ती आमच्यावर का लादता? आक्षेप अर्धा खरा आहे. माझ्या घरात गडकऱ्यांसारखं कोणीच बोलत नाही, आणि 'शुद्ध मराठी'चा पट्टा घेऊन फिरणाऱ्या काका-काकूंचा मला तुमच्याइतकाच वैताग येतो. 'ण'च्या जागी 'न' म्हटला म्हणून हसणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. पण ज्या भाषेत नोटिसा, निकाल आणि करार लिहिले जातात ती आपली नाही म्हणून सोडून दिली, तर ती कायम त्यांचीच राहते. वाचणं म्हणजे पाया पडणं नव्हे. या नाटकांत बायकांबद्दल आणि जातींबद्दल असं पुष्कळ आहे की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं. सिंधूच्या सोसण्याचा उदोउदो मला मान्य नाही. पण मान्य नाही हे नीट मांडायलासुद्धा शब्द लागतात, आणि त्यातले काही मला त्याच नाटकाने दिले.

दुसरा आक्षेप: असं आज कोणी बोलत नाही. अहो, तेव्हाही कोणी बोलत नव्हतं! गडकऱ्यांची कोटीबाज, अलंकारांनी लगडलेली वाक्यं १९१९ सालीही रस्त्यावर ऐकू येत नव्हती. लोक तिकीट काढून ती ऐकायला जायचे, आणि त्यातले सगळे काही पंडित नव्हते. त्यांना प्रत्येक शब्द कळत असेल असं मला वाटत नाही. त्यांनी तरी टाळ्या वाजवल्या आणि तळीरामाला घरी नेलं. त्यांना जे जमलं ते आपल्याला जमणार नाही, असं कोणी परस्पर ठरवलं?

आणि जडपणाचे फायदे सरकारला बरोबर कळतात. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली आलं. महाभारतातली गोष्ट: विराटाच्या महालात द्रौपदी सैरंध्री, म्हणजे राण्यांची वेणीफणी करणारी दासी, होऊन राहते, माजलेला कीचक तिच्यावर हात टाकतो आणि भीम त्याला मारतो. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. इंग्रज सरकारलाही दिसला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. हेच कोणी 'सोप्या भाषेत' लिहिलं असतं तर पहिला प्रयोगसुद्धा झाला नसता.

तर करायचं काय? किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या लेखनाचा कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे फोनवर वाचायला पैसेही लागत नाहीत आणि चोरीही होत नाही. 'संशयकल्लोळ'पासून सुरुवात करा, ते हसवतं. एकटे वाचू नका; दोघे-तिघे बसा, पात्रं वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. पदं पहिल्या वाचनात सोडून दिलीत तरी चालेल. शब्द अडला तर लगेच फोनवर शोधू नका. संवाद पुरा होऊ द्या, अर्थाचा अंदाज बांधा, एकमेकांशी भांडा. मग मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा शब्दकोश उघडा. दोन्ही ऑनलाइन आहेत. अंदाज चुकला असेल तर उत्तम. चुकलेला शब्द जन्मभर विसरत नाही. मी 'कल्लोळ' विसरणार नाही.

आम्ही मागच्या दिवाळीत घरी 'शारदा' वाचलं. भद्रेश्वर मी झाले होते. आत्या निवडायला भाजी घेऊन बसली होती. तिला कोणी पात्र दिलं नव्हतं. दुसऱ्या अंकात ती मध्येच म्हणाली, "हा मेला आमच्या दाजींसारखाच बोलतोय." मग पुढच्या पानावर एक शब्द आला तेव्हा तिने मला थांबवलं आणि विचारलं, "म्हणजे काय गं?"

इतक्या वर्षांत तिला कोणाला असं विचारताना मी पहिल्यांदा ऐकलं.