चाळिशीतला श्रीगणेशा

जळगावच्या घरात गिटार घेऊन शिरलो, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, या वयात सिनेमात जायचंय वाटतं?"

म्हटलं, "ही ती नव्हे. हिच्या तारा नायलॉनच्या." डावा पाय बुटक्या चौरंगावर ठेवायचा, जाड तीन तारा अंगठ्याने, बारीक तीन पुढच्या तीन बोटांनी छेडायच्या. स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) बहुतांशी स्वतःच शिकले, हे वाचून मीही धीर केला. पण महिना झाला तरी माझी अनामिका मधल्या बोटाचा पदर सोडीना!

परवा वर्गात एक मुलगा भुजंगप्रयाताचे लघु-गुरू मोजताना पुन्हा पुन्हा अडखळला. एरवी मी खेकसलो असतो. परवा म्हटलं, "सावकाश मोज रे. घाई नाही."