भस्म झालेला मदन आणि न जाणारा विचार

महाशिवरात्रीस धायरीच्या टेकडीवर धारेश्वराच्या दर्शनाला जी रांग लागते, तीत असेही काही भाविक असतात की, ज्यांची व्यथा ते कोणापाशी बोलत नाहीत. हात जोडले की नेमका त्याच क्षणी एखादा ओंगळ विचार मनात उमटतो. कधी तर तो प्रत्यक्ष देवाविषयीच असतो. मग मनुष्य स्वतःस पापी समजू लागतो, जप पुन्हा पहिल्यापासून आरंभतो आणि अखेरीस देवळात जाणेच टाळतो. अशांनी ध्यानाचे काही रूढीबाहेरचे प्रयोग अवश्य करून पाहावेत, असे आमचे मत आहे.

विचार हाकलून लावण्याचा हट्ट मात्र प्रथम सोडला पाहिजे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी बजावले होते की, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करावयाचा नाही. अस्वल येतच राहिले; आणि बंदी उठताच, ज्यांना आधी मनाई नव्हती त्यांच्यापेक्षा या मंडळींना ते अधिक वेळा आठवले. आमच्या पुराणांना हे मर्म ठाऊक असावे. शंकरांनी तृतीय नेत्राने मदनास भस्म केले, पण मदन संपला नाही. तो अनंग झाला. ज्याला देहच नाही, त्याला धरणार कोण?

पुण्याला असे प्रयोग अपरिचित नाहीत. रजनीशांनी १९७० साली सक्रिय ध्यान प्रचारात आणले आणि १९७४ पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात त्याला घर मिळाले. दहा मिनिटे जोरकस, वेडावाकडा श्वास. दहा मिनिटे रडणे, हसणे, ओरडणे. दहा मिनिटे हात उंचावून उड्या. मग पंधरा मिनिटे आहे त्या स्थितीत निश्चल, आणि शेवटी पंधरा मिनिटे नृत्य. पुणेकरांनी नाके मुरडली. रजनीशांच्या इतर पुष्कळ गोष्टींविषयी आम्हांसही ममत्व नाही. तथापि आतले दडपू नये, त्यास वाट द्यावी आणि मग स्थिर व्हावे, हा क्रम विचारार्ह आहे. हृदयविकार असणाऱ्याने मात्र त्या वाटेस जाऊ नये.

याहून शांत मार्ग सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आणला. विपश्यनेत विचाराशी झुंज नाही. देहावरील संवेदना येते, जाते, ती केवळ पाहावयाची. तरीही दहा दिवसांचे मौन तीव्र मनोविकाराच्या रुग्णास झेपत नाही, हे ती केंद्रेही सांगतात.

तिसरा प्रयोग तर हसू यावे असा आहे. छळणारा शब्द अर्धा मिनिट भराभर मोठ्याने उच्चारावा. तो पोकळ होतो, नुसता ध्वनी उरतो. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्येच हे नमूद केले आणि पुढे उपचारकांनी ते उचलले. मग नामजपानेही नाम पोकळ होईल काय, अशी शंका कोणी काढील. जपात भाव जागा ठेवावयाचा असतो, येथे तो निजवावयाचा असतो; शंकेस आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे.

समर्थांनी मनाला सज्जन म्हणून हाक मारली, चोर म्हणून नव्हे. तोच सूर या प्रयोगांत असावा. ज्याचे दिवसाचे तासन् तास या विचारांत आणि त्यांवरील शुद्धीत जातात, त्याचा तो आजार आहे व त्यावर उपचार आहेत. त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. शासनाचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनीही २०२२ पासून आहे.

आणि एक विनंती पुजाऱ्यांस व घरातील वडीलधाऱ्यांस. असा कोणी धीर करून मन मोकळे करील, तेव्हा त्यास आणखी अकरा प्रदक्षिणा, आणखी एक अभिषेक सांगू नये. प्रायश्चित्त सांगितले की विचार हे पातकच होते, असे त्याच्या मनात पक्के होते, आणि दुसऱ्या दिवशी तो बारावी प्रदक्षिणा स्वतःच घालू लागतो.