पत आणि ऐपत

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती. त्याच दिवसापासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दसऱ्याचा मुहूर्त साधण्यासाठी विक्रेत्यांच्या दारात रीघ लागली. नेमक्या त्याच पंधरवड्यात मराठवाड्यातील नद्या पात्र सोडून वाहत होत्या. सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली होता, खरडून गेलेल्या जमिनींची मोजदाद व्हावयाची होती, आणि ऑक्टोबरात राज्य शासनाला ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. परतूरसारख्या तालुक्याच्या गावातील वाचकाला ही दोन्ही वृत्ते एकाच दिवशीच्या अंकात, कधी कधी एकाच पानावर, वाचावी लागली. मोटारींची विक्री हे समृद्धीचे गमक मानावयाचे, तर मराठवाडा त्या पंधरवड्यात समृद्ध होत होता असे म्हणावे लागेल.

परतूरचे अर्थकारण मुख्यतः दोन उत्पन्नांवर चालते, एक पावसाचे आणि दुसरे पगाराचे. पहिले मोठे, परंतु बेभरवशाचे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पुढे बारा वर्षांनी पाण्यानेच पिके नेली. दुसरे उत्पन्न थोड्या कुटुंबांपुरते, पण महिन्याच्या महिन्याला येणारे. शिक्षक, लिपिक, तलाठी, ग्रामसेवक, रेल्वे आणि बँकेतील कर्मचारी हा तो वर्ग. कर्ज देणाऱ्याला यांतले कोणते उत्पन्न प्रिय असते हे सांगावयास नको. पगारदाराला मोटारीसाठी कर्ज मिळावयास फार वेळ लागत नाही. वेतनचिठ्ठी आणि बँकेचा उतारा पुरतो. त्याच्याच सख्ख्या भावाला विहिरीसाठी कर्ज हवे असेल तर सातबारा, फेरफार आणि बेबाकी प्रमाणपत्र गोळा करता करता हंगाम निघून जातो.

ही सुलभता नवी आहे. चेतक स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मारुती ८०० ही मोटार पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ रोजी. पन्नास हजारांच्या आसपास किमतीच्या त्या गाडीसाठीही आधी अनामत रक्कम भरून नंबर लावावा लागला. त्या काळाचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. परवाना पद्धतीने ग्राहकाची केलेली ती शुद्ध अडवणूक होती. मात्र तिचा एक अनपेक्षित परिणाम असा होई, की पैसे आधी साठत आणि वस्तू मागाहून येई. हप्त्याने हा क्रम उलटा केला आहे. वस्तू आज दारात येते, आणि तिची किंमत अद्याप न मिळालेल्या पगारातून सात वर्षे वजा होत राहते.

या उलटलेल्या क्रमाचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहण्यासारखा आहे. पावणेनऊ लाख रुपये दर्शनी किमतीची एक साधी मोटार घ्यावी. मोटार वाहन कर, नोंदणी आणि विमा धरून ती दहा लाखांच्या घरात जाते. त्यांपैकी दोन लाख रोख भरले आणि आठ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने काढले, तर पाच वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता १६,६०७ रुपये पडतो. तो जड वाटतो म्हणून विक्रेता सात वर्षांची मुदत सुचवितो. हप्ता १२,८७१ रुपयांवर उतरतो आणि ग्राहकाला सवलत मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः पाच वर्षांत १ लाख ९६ हजार रुपये व्याज जाणार होते, ते आता २ लाख ८१ हजार झाले. दोन वर्षांनी काय चित्र असते? रोख रक्कम आणि चोवीस हप्ते मिळून ५ लाख ९ हजार रुपये भरून झालेले असतात, आणि कर्ज ६ लाख २० हजार रुपये शिल्लक असते. मोटार विम्याच्या प्रचलित कोष्टकात दोन वर्षे उलटलेल्या गाडीच्या दर्शनी किमतीतून ३० टक्के घसारा वजा होतो. त्या हिशेबाने गाडीचे मूल्य उरते ६ लाख १२ हजार. म्हणजे पाच लाखांवर रक्कम भरूनही मालकाच्या नावे गाडीतील एक रुपयाची मालमत्ता जमा नाही. उलट सात-आठ हजारांचे देणेच आहे. पेट्रोल, टायर, दुरुस्ती आणि दरवर्षीचा विमा यांचा विचार यात केलेलाच नाही.

हाच व्यवहार उलट दिशेने केला तर? डाकघरातील आवर्ती ठेवीत दरमहा १०,००० रुपये ६.७ टक्के दराने पाच वर्षे ठेवले, तर सहा लाखांचे ७ लाख १३ हजार होतात. एका मार्गाने व्याज मिळते, दुसऱ्या मार्गाने ते द्यावे लागते. फरक एवढाच, की पहिल्या मार्गात ती पाच वर्षे दारात दुचाकीच उभी असते, आणि हे शेजारी पाहत असतात.

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. समाजातील मानमरातब ही एक पत, आणि उधारीवर मिळणारा विश्वास ही दुसरी. पूर्वीच्या गावगाड्यात हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नव्हते. ज्याला मान असे त्याला सावकार वा व्यापारी उधार देत, आणि ज्याचे देणे थकत असे त्याचा मान उतरत असे. ‘ऐपत’ हा शब्द याहून वेगळा आहे. मनुष्याजवळ खरोखर काय आहे, त्याचे मोजमाप ऐपत करते. हप्त्यांच्या बाजाराने या तीन गोष्टींचा गोंधळ उडवून दिला आहे. पन्नास हजार रुपये हाती येणाऱ्या शिक्षकास बँक आठ लाख देऊ करते, म्हणजे त्याची दहा लाखांची मोटार घेण्याची ऐपत आहे, असे तो समजतो. बँकेने मात्र तपासलेले असते ते एवढेच, की त्याच्या पगारातून तेरा हजार रुपये नियमितपणे वसूल होऊ शकतात. ही ऐपत हप्त्याची झाली. किमतीची ऐपत ही निराळी बाब आहे, आणि तिची चौकशी करण्याचे बँकेला कारण नसते.

या गोंधळाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण परतूरहून फार लांबचे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक, व्यावसायिक आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. एकूण व्यवहार ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यांपैकी ४० कोटींहून अधिक रक्कम स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने दिली. शहराची आर्थिक ताकद देशाला दिसावी, हा या सामुदायिक खरेदीमागील एक हेतू असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षअखेरीस ‘द हिंदू’मध्ये लिहिताना या दराशेजारी ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर ठेवला. तो १२ टक्क्यांच्या वर होता. जे यंत्र उत्पन्न देते त्याचे कर्ज महाग आणि जे डौल देते त्याचे स्वस्त, अशी ही विषमता होती, आणि तिच्यावर रास्त टीका झाली.

परंतु या प्रकरणाची दुसरी बाजू नोकरदारांनी अधिक लक्षपूर्वक पाहावयास हवी. त्या दीडशे ग्राहकांनी कर्ज काढले ते गरजेपोटी नव्हे. एकत्रित खरेदीमुळे त्यांना किंमत पाडून मागता आली आणि व्याजाचा दर ठरविता आला. ज्यांनी मोटार व्यवसायाच्या नावे घेतली त्यांना आयकरात घसाराही मांडता येत होता. परतूरच्या लिपिकाला यांतील एकही गोष्ट साध्य नाही. दर बँक ठरविते, किंमत कंपनी ठरविते, आणि हप्ता कर भरून उरलेल्या पगारातून जातो. श्रीमंताची मोटार त्याच्या संपत्तीच्या शेवटच्या टोकाला आलेली असते. अनुकरण करणारा तिथूनच आरंभ करतो. थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले, आणि जेम्स ड्यूसेनबरी याने १९४९ मध्ये दाखवून दिले की माणसाचा खर्च त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाइतकाच शेजाऱ्याच्या राहणीवरही ठरतो. मोठ्या शहरात शेजारी अनोळखी असतो. परतुरात तो नावाने, पगारश्रेणीने आणि पदोन्नतीच्या तारखेसकट ठाऊक असतो, त्यामुळे हा परिणाम येथे अधिकच तीव्र होतो.

जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्नही याच मालिकेतील आहे. समृद्धी महामार्गासाठी जालना जिल्ह्यातील ज्यांच्या जमिनी थेट खरेदीने गेल्या, त्यांना बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. जालना-नांदेड जोडमहामार्गाच्या आखणीत परतूर तालुक्यातील गावेही आहेत. जमीन दरवर्षी, निसर्गाची मर्जी असेल तसे, काही ना काही देते. तिच्या मोबदल्यातून दारात मोटार आली, तर उत्पन्न देणारे धन गेले आणि उत्पन्न खाणारे धन आले, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि उधळपट्टीचा ठपका ठेवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हाही रयत लग्नकार्यात पैसा उधळते म्हणून कर्जात बुडते, असे बोलले जात होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने त्या समजाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचा निर्वाळा दिला. आजच्या मोटारीबाबतही तेवढेच तारतम्य हवे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला आणि परतूर तालुका परभणीतून त्यात आला. तेव्हापासून जिल्ह्याच्या कामासाठी जालना गाठावे लागते. रात्री-अपरात्री रुग्णाला जालन्यास वा संभाजीनगरास हलवावयाचे असेल तर एस.टी.चा उपयोग नाही. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, आणि त्या पाच महिन्यांत ज्याच्याकडे वाहन नव्हते त्याला त्याची किंमत कळली. सार्वजनिक वाहतूक जेथे विश्वासार्ह नसते तेथे तिचा खर्च कुटुंबे हप्त्याहप्त्याने स्वतःच भरू लागतात. हा खर्च चैनीच्या खात्यात टाकणे शासनाला सोयीचे आहे, इतकेच. चार शिक्षक वर्गणी काढून एका गाडीने शाळेला जातात तेव्हा ती मोटार खरोखरच उपयुक्त साधन असते. चौघांच्या चार मोटारी होतात, तेव्हा प्रश्न बदलतो.

मग श्रीमंत कोणास म्हणावे? पगार बंद झाला तर घर किती महिने चालेल, ही एक मोजपट्टी लावून पाहता येईल. दारात मोटार असलेले अनेक संसार या मोजपट्टीवर तीन महिनेही टिकत नाहीत. ही बाब आता वैयक्तिक उरलेली नाही. २०२०-२१ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. त्यात महामारीमुळे खर्च थांबल्याचा भाग होता हे खरे. परंतु २०२२-२३ मध्ये ती सुमारे ५ टक्क्यांवर आली, आणि इतकी नीचांकी बचत कित्येक दशकांत झालेली नव्हती. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. जुन्या पिढीतील शिक्षकाने हप्त्यावर घर बांधले, मुलांची लग्ने कर्जाने केली, तरी शेवटी निश्चित निवृत्तिवेतनाचा आधार त्याला होता. आजच्या तरुण शिक्षकाला तेवढा निश्चिंतपणा नाही. आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावयाची आणि कायम होताच मोटारीचा हप्ता सुरू करावयाचा, या क्रमात म्हातारपणासाठी साठवणूक होण्याची जी वर्षे, तीच खर्ची पडतात. शिवाय जे साठवितात तेही सुरक्षित नाहीत. मराठवाड्यातील काही पतसंस्थांनी २०२३ नंतर ठेवीदारांना दाखविलेले बंद दरवाजे ताजे आहेत. बचत करणाराच फसतो, मग साठवून काय करावयाचे, असा युक्तिवाद त्यामुळे ऐकू येतो. त्याचे उत्तर ठेव कुठे ठेवावी याच्या चौकशीत आहे.

सोयरीक जुळविताना पूर्वी घराचे वर्णन ‘खाऊनपिऊन सुखी’ या शब्दांत केले जाई, आणि कोणाचे देणे नाही हे आवर्जून सांगितले जाई. आता चारचाकीचा उल्लेख आधी येतो. देण्याची चौकशी करणे असभ्य मानले जाते. याचा भार अखेर मुलीच्या बापावर पडतो. जावयाला द्यावयाच्या मोटारीसाठी तोच कर्जदार होतो आणि गाडी मात्र दुसऱ्याच्या दारात उभी राहते. २०२५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तिच्या लग्नात दिलेल्या महागड्या मोटारीची चर्चा राज्यभर झाली. ते कुटुंब सधन होते. तालुक्याच्या गावात तीच प्रथा उतरते तेव्हा मोटारीचा आकार लहान होतो, पण बापाच्या उत्पन्नाशी पाहता हप्त्याचे प्रमाण वाढते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी एक पत्रक बंधनकारक केले आहे. कर्जाचा सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर, शुल्के आणि परतफेडीचे वेळापत्रक त्यात मांडावे लागते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. मोटार विक्रेत्याच्या दुकानात बसून सह्या होतात तेव्हा हे पत्रक बहुधा कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी असते आणि इंग्रजीत असते. परतूरच्या शाखेतही ते मराठीतून मागता येते. मासिक हप्त्याचा आकडा विक्रेता स्वतःच सांगतो. सात वर्षांत एकूण किती रक्कम जाणार तो आकडा त्या पत्रकात असतो, आणि तो सही करण्यापूर्वी वाचण्याचा कर्जदाराला हक्क आहे.