गोचीड आणि यतना

मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली मुंबईत दंगा उसळला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरापोळ उभी राहिली. तेव्हा प्रश्न कुत्र्याचा जीव वाचविण्याचा होता. आज घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या सदनिकांत तेच कुत्रे घरचे झाले आहे आणि पेच निराळा आहे. जंताचे औषध दिले तर जंत मरतात. गोचिडीचे दिले तर गोचिडी. श्रावकाने करावे काय?

बहुतेक घरांत याचे उत्तर चालढकलीने दिले जाते. चालढकलीने हिंसा मात्र टळत नाही. रक्त पिऊन टंच झालेली गोचिडीची मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. मग घरभर फवारणी करावी लागते, तेव्हा मरणाऱ्या जीवांची गणती उरत नाही. इकडे गोचीडतापाने कुत्र्याच्या रक्तातील प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त वाहते. वेळेवर औषध दिल्यास ही वीणच वाढत नाही. रोज केस विंचरणे, अंथरूण कोरडे ठेवणे ही त्याआधीची यतना. (कुत्र्याचे गोचीडनाशक मांजराला लावू नये, त्यातील काही द्रव्ये तिला प्राणघातक ठरतात.)

जंत तर पिलाला आईच्या गर्भातूनच मिळतात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून. लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते व सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी चालते, कारण आईकडून आलेली प्रतिकारद्रव्ये सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकतात. एक टोचणी झाली की पुष्कळ कुटुंबे थांबतात. घात तिथेच होतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून, साचलेल्या पाण्यातून पसरतो व माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी चातुर्मास लागण्यापूर्वी व्हावी. दुखणे बळावल्यावर भर पावसात परळच्या बाई साकरबाई रुग्णालयाकडे धावण्यापेक्षा हे सोपे.

आहाराचा प्रश्न नाजूक आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने आखलेल्या समतोल शाकाहारावर कुत्रे राहू शकते. कांदा-लसूण त्याला विषारी. तेवढ्यापुरते जैन स्वयंपाकघर आधीच सुरक्षित. मनुका मात्र डब्यात असतातच, आणि त्याही त्याला घातक. मांजराचे तसे नाही. टॉरिन न मिळाल्यास तिचे डोळे व हृदय निकामी होते. दूध-भातात ते पुरेसे नसते. घरात तिचा आहार येऊ देणे शक्य नसेल, तर हा निर्णय तिला आणण्यापूर्वीच व्हावा.

सातव्या वर्षानंतर सहामाही रक्त व लघवी तपासणी हवी. बाराव्या वर्षी जिना चढेनासे झालेले कुत्रे ‘म्हातारे झाले’ म्हणून तसेच ठेवले जाते. पुष्कळदा ते सांधेदुखीने बसलेले असते, आणि तिच्यावर औषध मिळते.