राग रास्त आहे, रोख चुकतो आहे

अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार संधी मिळतात. त्यांना डाऊन म्हणतात. चार म्हणजे चार. तिथल्या शाळकरी पोरालाही हा नियम पाठ असतो. ६ ऑक्टोबर १९९० रोजी मिझुरी राज्यातल्या कोलंबिया इथे कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघाला पाच संधी मिळाल्या. मैदानाच्या कडेला धरलेल्या फलकावरचा आकडा एकदा बदलायचा राहून गेला आणि एकाही पंचाने स्वतःची मोजणी त्याच्याशी ताडून पाहिली नाही. पाचव्या संधीवर, वेळ संपता संपता, कोलोरॅडोने टचडाऊन केला आणि मिझुरी ३३-३१ असे हरले. त्या पंचांना पुढे अनिश्चित काळासाठी निलंबित केले गेले. निकाल मात्र कायम राहिला आणि त्याच हंगामात असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत कोलोरॅडो देशातला पहिला संघ ठरला.

मिझुरीच्या चाहत्यांना तेव्हापासून एकच उपदेश ऐकावा लागतो आहे : झाले ते विसरा, पंचही माणूसच असतो. कॉलेजच्या खेळातल्या पंचगिरीवर कोणी चिडला की त्याला हेच ऐकवले जाते, आणि ऐकवणारा स्वतःला समंजस समजतो. मला हा उपदेश मान्य नाही. चाहत्यांचा राग मुळात रास्त आहे. तो ज्याच्यावर काढला जातो तो माणूस चुकीचा आहे, एवढेच. या दोन गोष्टी एकत्र कालवल्यामुळेच हा प्रश्न इतकी वर्षे जागचा हललेला नाही.

माणूस चुकणारच, हा पहिला युक्तिवाद. यात सगळ्या चुका एकाच मापाने मोजल्या जातात. पूर्ण वेगाने धावणारे दोन खेळाडू चेंडूसाठी एकाच वेळी झेपावतात आणि आधी कोणी कोणाला धरले हे पंचाला क्षणार्धात ठरवायचे असते. तिथे नजर चुकली तर त्याला क्षमा आहे, असलीच पाहिजे. पण चारपर्यंत मोजता न येणे ही नजरेची चूक नव्हे. नियमपुस्तकात छापलेला नियम माहीत नसणे हीही नजरेची चूक नव्हे.

१० सप्टेंबर २०१६ रोजी ओक्लाहोमा स्टेटचा संघ सेंट्रल मिशिगनविरुद्ध २७-२४ असा पुढे होता. शेवटच्या सेकंदांत, चौथ्या डाऊनवर, त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, वेळ संपवण्यासाठी चेंडू मुद्दाम मोकळ्या जागेत भिरकावला. तो गुन्हा होता, पण ज्या शिक्षेत डाऊनच गमावला जातो तिच्यासाठी संपलेली वेळ वाढवायची नसते, असे नियम स्पष्ट सांगतो. सामना तिथेच संपला होता. पंचांनी तरीही सेंट्रल मिशिगनला एक जादा खेळी दिली. त्या खेळीत लांब फेक, मग बाजूच्या साथीदाराकडे पास, मग टचडाऊन! ३०-२७. मैदानावर पंचांचा पूर्ण ताफा होता, वर रिप्लेच्या खोलीत आणखी माणसे होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही तो नियम वेळेवर आठवला नाही. पंच पुरवणाऱ्या दोन्ही कॉन्फरन्सनी, म्हणजे विद्यापीठांच्या संघटनांनी, आपापल्या पंचांना दोन सामन्यांसाठी निलंबित केले. निकाल तसाच ठेवला. सामना संपल्यावर निकाल बदलण्याची नियमात सोय नाही, असे सांगण्यात आले.

निकाल बदलता येत नाही, हा दुसरा युक्तिवाद. याला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही, कारण उत्तर अमेरिकेच्या कॉलेज-फुटबॉलनेच १९४० साली दिलेले आहे. त्या नोव्हेंबरात कॉर्नेलचा अपराजित संघ डार्टमथच्या मैदानावर ७-३ असा जिंकला, तोही शेवटच्या क्षणी मिळालेल्या पाचव्या संधीवर. सामन्याची फिल्म पाहिल्यावर पंचाने स्वतःची चूक जाहीर कबूल केली. निकाल फिरवण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. कॉर्नेलने मग तार पाठवून विजय सोडला, आणि आजही नोंदवहीत तो सामना डार्टमथ ३, कॉर्नेल ० असाच आहे. त्या घटनेत पंचाची मान खाली गेली नाही, उलट त्याच्याविषयीचा आदर वाढला. ज्या खेळात एका विद्यापीठाने असे करून दाखवले, त्याच खेळात पन्नास वर्षांनी तशीच चूक झाली, तेव्हा लाभार्थ्याने विजय जवळ ठेवला आणि व्यवस्थेने खांदे उडवले. म्हणजे अडचण सोयीच्या अभावाची नव्हती, इच्छेच्या अभावाची होती.

इथे कोणी म्हणेल की निकाल बदलू लागले तर दर सोमवारी पन्नास तक्रारी दाखल होतील. नजरेच्या चुकांवर तक्रारी घेतल्या तर खरेच होतील, म्हणून त्या घेऊच नयेत. डाऊनची मोजणी, घड्याळ, शिक्षेची अंमलबजावणी या गोष्टींत मताला जागा नसते आणि सामन्याच्या अखेरच्या खेळीत त्या चुकल्या तर पुढे काय घडले असते हा प्रश्नही उरत नाही. अशा चुका विरळा होतात, निर्विवाद सिद्ध होतात. फक्त त्यांच्यासाठी अपिलाचे एक दार उघडले तर खेळ कोलमडणार नाही.

तिसरा आक्षेप चाहत्यांच्या नीयतीवर आहे. चाहता पक्षपाती असतो, त्याला आपल्या विरुद्धचा प्रत्येक निर्णय अन्यायाचा वाटतो. हे खरे आहे. पण तक्रार करणारा पक्षपाती आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. तिचा निवाडा पुराव्यावर व्हायचा असतो, आणि पुरावा आज प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर आहे. ३१ ऑक्टोबर २०१५ला डरहॅममध्ये मायामीच्या खेळाडूंनी अखेरच्या किकऑफवर चेंडू आठ वेळा एकमेकांकडे फिरवत ड्यूकविरुद्ध सामना जिंकला. त्यात एका खेळाडूचा गुडघा चेंडू सोडण्याआधीच जमिनीला टेकला होता, म्हणजे खेळी तिथेच संपली होती. घरी बसलेल्या प्रेक्षकाला ते दिसले. रिप्ले पाहणाऱ्यांनी कितीतरी मिनिटे तीच चित्रे पाहूनही टचडाऊन कायम केला. दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्सने चुका मान्य केल्या. पक्षपाती चाहता त्या रात्री बरोबर होता.

आणि पक्षपाताची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरती बोलू. कॉलेजच्या खेळात पंच नेमतो कोण? कॉन्फरन्स. मानधन देते, गुण देते, पुढच्या शनिवारी कोणाला कुठे पाठवायचे ते ठरवते, चुकला तर शिक्षा करते, तीही कॉन्फरन्सच. ही कॉन्फरन्स म्हणजे सदस्य विद्यापीठांचा संघ. प्रक्षेपणाचे पैसे तिच्याकडे येतात आणि आपले संघ राष्ट्रीय प्ले-ऑफमध्ये पोचण्यात तिचा थेट फायदा असतो. बिग टेन या कॉन्फरन्सने २०२२ साली केलेला प्रक्षेपण-करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. कुठल्याही कॉन्फरन्सने पंचांना फितवले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण हितसंबंध असलेल्याने न्यायाधीश नेमू नये, हे तत्त्व पुराव्याची वाट पाहत थांबत नसते. २००६ साली युजीनमध्ये ओरेगन विरुद्ध ओक्लाहोमा सामन्यात पंच होते यजमानांच्या पॅक-टेन कॉन्फरन्सचे. ऑनसाइड किकचा (चेंडू परत मिळवण्यासाठी मारलेल्या आखूड किकचा) निर्णय रिप्लेनंतरही यजमानांच्या बाजूने चुकीचा लागला, सामना ३४-३३ असा त्यांनी जिंकला. कॉन्फरन्सने माफी मागितली, पंचांना एका सामन्यासाठी घरी बसवले. ती चूक प्रामाणिक असेलही. पण नेमणूकच अशी असल्यावर ओक्लाहोमातल्या माणसाला ते कोणत्या तोंडाने पटवून देणार?

हा प्रश्न क्रिकेटने आपल्या डोळ्यांदेखत सोडवला. १९८६ साली लाहोरमध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत उभे राहिलेले तटस्थ पंच भारतीय होते : व्ही. के. रामस्वामी आणि ठाण्याचे पिलू रिपोर्टर. घरच्या पंचांवरून दोन्ही बाजूंनी चालणारी कायमची कुरबुर थांबावी म्हणून तो प्रयोग झाला होता. २००२ पासून कसोटीत दोन्ही पंच तटस्थ देशांचे आणि एलिट पॅनेलवरचे पूर्णवेळ पगारी झाले. पंच त्याने अचूक झाले नाहीत. चुका आजही होतात, पण चूक झाली की ती चूकच मानली जाते; यजमान मंडळाने डाव साधला असे लगेच कोणी म्हणत नाही. कॉलेज-फुटबॉलच्या प्ले-ऑफमध्ये तिसऱ्याच कॉन्फरन्सचे पंच लावतात. शेवटच्या काही सामन्यांत ज्या तत्त्वाची गरज पटते, ती सप्टेंबरपासून का पटत नाही?

चौथा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला मी मान देतो : प्रेक्षकांच्या छळाने पंच हा पेशाच सोडून चालले आहेत. शालेय पातळीवर २०१८-१९ नंतरच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेतल्या सुमारे पन्नास हजार पंचांनी काम सोडल्याचे शालेय क्रीडा महासंघाने सांगितले आहे. २०१७ साली केंटकीचा बास्केटबॉल संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून ७५-७३ असा हरला. मग त्या सामन्यातल्या एका पंचाच्या छपरे बसवण्याच्या व्यवसायावर लोक तुटून पडले. खोटे अभिप्राय लिहिले, फोनवर फोन केले, जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. याचे समर्थन कोणत्याही हरलेल्या सामन्याने होत नाही. तो माणूस आठवडाभर स्वतःचा धंदा सांभाळून पंचगिरी करत होता. त्याच्या पोटावर पाय देणारा चाहता नव्हेच, तो गुंड.

पण त्या गुंडगिरीला वाव कोणी दिला, हेही विचारले पाहिजे. नेमणूक कोणी केली, प्रशिक्षण काय दिले, मागच्या सामन्यातले गुण किती होते, हे सगळे बंद कपाटात असते. लोकांना दिसतो तो एकच चेहरा, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला. त्यालाही बोलायची मुभा नसते. प्रशिक्षकानेही बोलायचे नसते. २०२० साली ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) विरुद्ध ऑबर्न सामन्यात एक किकऑफ रिप्लेसाठी थांबवायलाच हवा होता, हे साउथईस्टर्न कॉन्फरन्सने स्वतः मान्य केले. आणि त्याच निर्णयावरची टीका समाजमाध्यमांवर पुढे पाठवली म्हणून ओल मिसचे तेव्हाचे प्रशिक्षक लेन किफिन यांना पंचवीस हजार डॉलर दंडही केला. चूक झाली हे खरे, पण झाली म्हणालात तर दंड! अशा व्यवस्थेत राग जिरत नाही, साचतो.

साचलेला राग १९ ऑक्टोबर २०२४ला ऑस्टिनमध्ये बाहेर पडला. टेक्सासच्या खेळाडूने जॉर्जियाचा पास अडवून चेंडू पळवला, तर त्याच्यावरच अडथळ्याचा गुन्हा लावला गेला. विद्यार्थ्यांच्या कक्षातून मैदानात बाटल्या आल्या. खेळ थांबला, कचरा उचलेपर्यंत पंच आपसांत बोलत राहिले आणि त्यांनी निर्णय फिरवला. मूळ निर्णय चुकला होता हे कॉन्फरन्सने नंतर मान्य केले आणि टेक्सासला अडीच लाख डॉलर दंडही ठोठावला. त्या रात्री जॉर्जिया जिंकले म्हणून प्रकरण निवले. पण हजारो तरुणांनी काय पाहिले? सभ्यपणे केलेला आरडाओरडा वाया गेला आणि बाटली कामाला आली. एवढा वाईट धडा विद्यापीठाच्या आवारात दुसरा कुठला दिला जात असेल असे मला वाटत नाही. ज्या मुलांच्या फीमधून कित्येक विद्यापीठे क्रीडाशुल्क वेगळे कापून घेतात, त्यांना दाद मागायला साधी खिडकीही ठेवायची नाही आणि मग त्यांच्या वर्तनावर पत्रके काढायची, हे न्यायाचे नाही. त्या कक्षांत आता पुण्या-नाशिकहून शिकायला गेलेली मुलेही उभी असतात. तीही तिथून हेच शिकणार.

तेव्हा मागणी पंचांना हाकलण्याची नको, त्यांना कॉन्फरन्सच्या हातातून सोडवण्याची हवी. वरच्या श्रेणीच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलसाठी नेमणूक, प्रशिक्षण आणि मूल्यमापन एका स्वतंत्र राष्ट्रीय मंडळाकडे द्यावे. पंचांना पूर्णवेळ नोकरी, पगार आणि विमा द्यावा. आज बास्केटबॉलचा नावाजलेला पंच कंत्राटावर, कधी या कॉन्फरन्ससाठी तर कधी त्या, रात्रीमागून रात्री विमानाने शहरे पालथी घालतो. थकलेल्या माणसाकडून अचूकतेची अपेक्षा करणेच चूक. पैसे नाहीत हे कोणी सांगू नये. फुटबॉल प्ले-ऑफच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएन वाहिनीने वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलरचा करार केला आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. व्यावसायिक बास्केटबॉलची लीग एनबीए २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा निर्णयागणिक अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते, त्यात स्वतःच्या पंचांच्या चुका नोंदवते, आणि त्याने ती लीग बुडालेली नाही. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने २०२५च्या हंगामात काही सामन्यांत रिप्ले-खोलीतले संभाषण प्रेक्षकांना थेट ऐकवायला सुरुवात केली. निर्णय पटला नाही तरी तो कसा झाला हे तेव्हा ऐकू येते, समोर कोणीतरी विचार करणारे आहे हे कळते. बाकीच्या कॉन्फरन्सना हे करायला उद्याही अडचण नाही. यंत्रणा तीच आहे, फक्त आवाज खुला करायचा आहे.

आणि चाहत्यांनी आपला जोर तिथे लावावा जिथे तो पोचतो. यातली बरीच विद्यापीठे सरकारी आहेत, त्यांच्या नियामक मंडळांच्या सभा जाहीर होतात, तिथे नागरिकांना बोलता येते. कॉन्फरन्सच्या बैठकीत मत असते ते याच विद्यापीठांच्या अध्यक्षांचे. पंचाच्या घरचा फोन नंबर शोधणाऱ्यांनी त्या सभेची तारीख शोधावी. तिथे उभे राहून विचारावे की आमच्या सामन्यांच्या पंचांचे मूल्यमापन आम्हाला का दिसत नाही, नियमाच्या चुकीवर अपील का नाही, आणि पुढच्या बैठकीत आपले अध्यक्ष यावर कोणत्या बाजूने हात वर करणार आहेत.